पंधरा दिवसांतून एकदा

“सावलीत ठेवायचं.”

“गोळी जेवणानंतर.”

“दाराला कडी लावायची, बाबा.”

रोपवाटिकेची मालकीण कुंडी कागदात गुंडाळता गुंडाळता लेकीने बापाला चालवलेल्या सूचना ऐकत होती.

“आणि पाणी पंधरा दिवसांतून एकदाच. जास्त घातलंत तर मुळं कुजतील,” लेकीने बजावलं.

“मग मधले चौदा दिवस मी काय करू गं? तुझी आई गेल्यापासून घरात माझ्यावाचून कुणाचं अडतंय?”

“पानं पुसा ना, ओल्या फडक्यानं.”

“आहेत किती?”

“सहा.”

“म्हणजे रोज एक. आणि रविवारी पुन्हा बेकार?”

“रविवारी मी येतेय तपासायला. धूळ दिसली तर खैर नाही!”

“अगदी आईवर गेलीस बघ.”

रोपवाटिकेत शिरताना लेकीने अजिबात काम पडणार नाही असं रोप मागितलं होतं.