जड स्टेअरिंग

मेडशीच्या गॅरेजात योगिनी स्कूटरच्या पंक्चरसाठी थांबली होती. शेजारी जुन्या गाडीत म्हातारे इंद्रभान बसले होते.

लखन मिस्त्री त्यांना म्हणाला, “काका, पावर स्टेअरिंगचा गळका पाइप बदलला. तेलबी नवं टाकलं. फिरवून पाहा.”

“अजूनबी जडच लागून राह्यलं, लखन.”

“उतरा, मी पाह्यतो.”

इंद्रभान उतरले आणि तेल गळतं का ते वाकून पाहू लागले. गाडी चालूच होती. लखन मिस्त्रीनं एका बोटानं स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. योगिनीनं ते पाहिलं.

“काय म्हन्ते स्टेअरिंग?” इंद्रभान उठत म्हणाले.

“जडच हाये, काका. जुनी गाडी हाये.”

“मंग आता?”

“आता तुमच्या सूनबाईले चालवू द्या.”

“तिले जड नाई लागन का?”

“तिनं याच्याहून हलकी कुठी चालवली, काका?”

“पन दोष गाडीचाच हाये न?”

“गाडीचाच.”