अपर्णेचं ताट

मंडळी, ऐका. आज गोष्टीच्या आधी एकच प्रश्न विचारते. उत्तर मनातल्या मनात द्या, शेजारणीला सांगू नका. आपण उपास धरतो. कुणी सोमवार, कुणी चतुर्थी, कुणी एकादशी. तो उपास देवासाठी असतो, की आरशासाठी?

हसलात. पुढच्या रांगेत दोघी-तिघी जरा जास्तच हसल्या. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर-आमटी, मधे बटाट्याचा कीस, आणि दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर उभं राहून बघायचं — देव कितपत प्रसन्न झाला! आमचे पेटीवाले गोपाळराव मान डोलावताहेत, म्हणजे त्यांच्या घरी काटा आहे.

असो. हसून झालं. आता ज्या मुलीची गोष्ट सांगते, तिचा उपास मात्र हसण्यासारखा नव्हता.

कराडला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत प्रल्हाद जगदाळे यांची खानावळ. खाली खानावळ, वर घर. शिकायला आलेली परगावची पोरं, कंडक्टर-ड्रायव्हर, बाजाराला आलेली माणसं, सगळी तिथं जेवायची. प्रल्हादराव बोलायचे कमी, बघायचे जास्त. कुणाची भाकरी संपत आली, कुणाला आमटी तिखट लागली, कुणाचं आज मन जेवणात नाही, हे त्यांना नुसत्या ताटावरून कळायचं. बायको शैलाताई स्वयंपाकाचं बघायची. आणि एकुलती एक लेक हेमांगी. हेमू. तेव्हा कॉलेजात नुकती गेली होती.

हेमू कथक शिकायची. परकर-पोलक्यात होती तेव्हापासून, नलिनीताई आठल्यांकडे. ताई शिस्तीच्या; पण शिष्येच्या पायाला फोड आला तर स्वतः मलम लावणाऱ्या. त्या वर्षी महाशिवरात्रीच्या उत्सवात ताईंनी नृत्य बसवायला घेतलं — पार्वतीची तपश्चर्या. आणि पार्वती कोण? हेमू.

आता ही कथा तुम्हाला ठाऊक आहे. शंकर मिळावा म्हणून हिमालयाची लेक तपाला बसली. आधी अन्न सोडलं. मग फळं सोडली. झाडावरून गळालेली पानं खाऊन राहिली. शेवटी तीही सोडली. पर्ण म्हणजे पान. पानसुद्धा खात नाही, म्हणून तिचं नाव पडलं अपर्णा.

एका संध्याकाळी क्लासमध्ये पोशाखाची मापं चालली होती. गेल्या वर्षीची चोळी हेमूला कमरेशी लागेना. मुलगी वाढत्या वयाची, लागेलच कशी? ताईंच्या तोंडात टाचण्या, हातात चोळी. टाचण्या काढून त्या म्हणाल्या, "हेमू, जरा कमी कर बाई. तू अपर्णा आहेस. बापाच्या खानावळीतून उठून आल्यासारखी दिसायला नकोस."

मुली हसल्या. हेमूही हसली. ताई दुसऱ्या मुलीच्या मापाला लागल्या आणि वाक्य विसरून गेल्या.

हेमू विसरली नाही, मंडळी.

घरी येऊन तिनं आईला सांगितलं, "मी सोमवार धरणार. पार्वतीचं काम करतेय ना." शैलाताईला किती बरं वाटलं! आजकालच्या पोरी कुठं उपास करतात? मग सोमवारच्या जोडीला गुरुवार आला. मग शनिवार. मग खिचडीनं पित्त होतं म्हणून खिचडी गेली. दूध जड पडतं म्हणून दूध गेलं. आई शेजारणींना सांगायची, "आमची हेमू फार देवभोळी झालीय हो."

आणि लोक काय म्हणाले? "अगं बाई, किती छान दिसतेस! काय करतेस?" मैत्रिणी म्हणाल्या, आत्या म्हणाली. ताईसुद्धा म्हणाल्या, "आता कशी अपर्णा शोभतेस." सांगा, आता थांबावं कसं त्या पोरीनं? भूक लागली की तिला वाटायचं, आपण जिंकतोय.

पण आतली गोष्ट वेगळी होती. तबल्यावर त्रिताल चाललाय, तोंडात बोल आहेत आणि डोळ्यांपुढं काय? तर बापाच्या खानावळीतली, फोडणीच्या वासाची आमटी. ज्या मुलीला नाचताना कशाची शुद्ध राहायची नाही, तिला नाचताना जेवणाशिवाय काही सुचेना. भर दुपारी थंडी वाजायची. कंगव्यात केसांचा गुंता यायचा. आणि मी बाई आहे, म्हणून भर सभेत सरळ सांगते: तिची पाळी थांबली. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. एक कटकट गेली, असं तिला वाटलं.

बापाला दिसत होतं. ताटं वाचण्यात जन्म गेलेला माणूस. लेकीच्या ताटात भाकरीचे बारीक बारीक तुकडे व्हायचे आणि तिथंच राहायचे. पण देवाधर्माच्या गोष्टीत पुरुषमाणसानं काय बोलायचं?

उत्सव जवळ आला. हेमूचा उजवा पाय दुखायला लागला होता. ती पट्टी बांधून त्यावर घुंगरू चढवायची. एका तालमीत चक्कर घेऊन ती समेवर आली, पाय आपटला आणि खालीच बसली. पाय धरून नुसती बसून राहिली. ताईंनीच तिला रिक्षात घातलं आणि शैलाताईला दवाखान्यात बोलावून घेतलं.

हाडांच्या डॉक्टर शिरगुप्पे म्हणून होत्या. त्यांनी फोटो काढला, उजेडापुढं धरला.

"पडली होतीस का कुठं?"

"नाही."

"काही आपटलं होतं?"

"नाही."

"बारीक चीर गेलीय हाडाला. तुझ्या वयाला अशी जायला नको." डॉक्टर तिच्याजवळ स्टूल घेऊन बसल्या. "पाळी नियमित येते का तुझी?"

हेमूनं मान खाली घातली. शैलाताई तिच्याकडे बघतच राहिली.

"जेवण कसं आहे?"

आईच घाईनं म्हणाली, "उपास करते हो ती. पार्वतीचं काम आहे ना तिचं."

डॉक्टर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हेमूच्या आई, नाचायला ताकद लागते. ती खाण्यातून मिळाली नाही, की शरीर काटकसर करतं. पाळी थांबवतं. हाडांची डागडुजी थांबवतं. ही रोज पाय आपटत होती आणि ते भरून यायला आत काहीच नव्हतं. मी पाय बांधून देते. पण नुसता पाय बांधून भागायचं नाही."

त्या वर्षी शिवरात्रीला पार्वती दुसरीच मुलगी झाली. हेमू प्लास्टरमध्ये पाय घालून माडीवर.

प्रल्हादरावांना कळलं, तेव्हा त्यांचा जीव कळवळला आणि कळवळला म्हणून राग आला. बापाचं असंच होतं. ताट भरून वर घेऊन गेले. "हे संपल्याबिगर उठायचं न्हाई. लोकांच्या पोरांना मी जेवू घालतो, आणि माझी पोर उपाशी? माझ्या हातचं गोड लागंना का तुला?"

तिनं रडत रडत खाल्लं. सगळं खाल्लं. आणि त्या दिवसापासून जिन्यावर बापाची पावलं वाजली, की ती तोंड भिंतीकडे करून झोपल्याचं सोंग घ्यायला लागली.

प्रेम होतं हो ते. पण पोरीला त्याची भीती वाटली.

डॉक्टरांनी शैलाताईला एका बाईंचा पत्ता दिला होता. अशा मुलांशी बोलणं, त्यांच्या मनातली खाण्याची भीती काढणं, हेच त्यांचं काम. बाई हेमूशी पुष्कळ वेळ बोलल्या. मग प्रल्हादरावांना आत बोलावलं. म्हणाल्या, "तुम्ही तिच्या ताटाकडे बघू नका."

"मग काय करू?"

"तिच्याबरोबर जेवा."

"मी सगळ्यांचं झाल्यावर जेवतो. धंदाच तसा आहे."

"ती लहान असताना?"

प्रल्हादराव आठवायला लागले. मुंज, लग्न, सणवार... लेकीच्या शेजारी पानावर बसल्याचं काही आठवेना. पागोळीसारखं टपटप पाणी आलं डोळ्यांतून.

दुसऱ्या दिवशी दुपारी खानावळ गच्च भरलेली. प्रल्हादरावांनी आमटीचा डाव गड्याच्या हातात दिला, हात धुतले, दोन ताटं वाढून घेतली आणि वर गेले. एक ताट हेमूपुढं ठेवलं, एक स्वतःपुढं. आणि बसले. आता बघायचं कुठं? आयुष्यभर जे ताटांकडंच बघत आले, त्यांना डोळे कुठं ठेवावेत कळेना. कॅलेंडरकडे बघितलं. खिडकीकडे बघितलं. मग आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"हेमू, मी लेझीम खेळायचो, तुला ठाऊक आहे?"

"तुम्ही?"

"मग. मिरवणुकीत पहिल्या ओळीत. एकदा तुझी आई माडीवरून बघत होती. लग्न ठरायचं होतं आमचं. मी असा ऐटीत मागं मागं गेलो, असा मागं मागं गेलो, आणि गटारात."

हेमू हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. "मग?"

"मग काय? लेझीम वर आणि मी खाली. तुझी आई म्हणाली, हाच नवरा पाहिजे, ह्याला सांभाळायला कुणीतरी लागेल."

मंडळी, त्या हसण्यात एक गोष्ट घडली. प्रल्हादरावांनी बघितलं नाही. ते कॅलेंडरकडेच बघत होते. त्यांनी ऐकलं. पापड मोडल्याचा आवाज. ते गटाराची गोष्ट आणखी लांबवत राहिले.

लगेच सगळं ठीक झालं असं मी म्हणणार नाही. पुढं कितीतरी दिवस भातावर तूप बघितलं की ती ताट बाजूला सारायची. जुना कुडता घट्ट झाला, तेव्हा दार लावून रडली. शैलाताईनं शंकरापुढं दिवा लावला आणि सांगितलं, "हिचे सगळे सोमवार मी सोडवले. राग धरायचा तर माझ्यावर धर." आणि बाप रोज दुपारी भर गर्दीत वर जाऊन जेवत राहिला. गिऱ्हाइकांना सवय झाली. कुणी मालकाला विचारलं, की गडी सांगायचा, "वर जेवत्यात, लेकीबरोबर."

एक दिवस नलिनीताई आल्या. शैलाताईनं त्यांना सगळं सांगितलं. ताई हेमूजवळ बसल्या. "मी काही बोलले होते का ग तुला?"

हेमूनं ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. टाचण्यांसकट.

ताईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "माझ्या गुरू आम्हाला याहून कडक बोलायच्या. मला वाटलं, शिकवणं असंच असतं." मग तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "ते वाक्य मी सगळ्या मुलींसमोर बोलले. तेव्हा सगळ्यांसमोरच परत घेईन."

आणि घेतलं. पाय बरा होऊन हेमू क्लासला गेली, त्या दिवशी ताईंनी सगळ्या मुलींना गोल बसवलं, झालेलं सांगितलं आणि म्हणाल्या, "चुकलं माझं." त्यानंतर त्या क्लासची एक रीत झाली. कॉलेजातून पोरी थेट यायच्या; आधी डबे उघडायचे. पोळीभाजी, केळं, शेंगदाण्याचा लाडू, जिचं जे असेल ते. त्याशिवाय घुंगरू बांधायचे नाहीत. आणि कुणाच्या अंगाविषयी कुणी बोलायचं नाही. ताईसुद्धा नाही.

मग शिवरात्र पुन्हा जवळ आली. ताई म्हणाल्या, "आपण अपर्णेपाशी थांबतो, पोरींनो. पण तप संपल्यावर ती काय झाली?"

काय झाली, मंडळी? जिनं पानसुद्धा सोडलं होतं, ती अन्नपूर्णा झाली. आणि ज्याच्यासाठी तप केलं, तो कैलासाचा स्वामी हातात कवटी घेऊन तिच्या दारात भिक्षेला उभा राहिला. अपर्णा आणि अन्नपूर्णा ही एकाच बाईची नावं आहेत. आपण मुलींना पहिलं तेवढं सांगतो.

डॉक्टरांनी नाचायला हरकत नाही म्हटल्यावर हेमूच अन्नपूर्णा झाली. रंगभूषा झालेली, दागिने चढवलेले. मांडीवर पंचा पसरून तिनं पडद्याआड दहीभात खाल्ला. सावकाश खाल्ला. सोपं नव्हतं तिला अजून. पण खाल्ला.

आणि त्या संध्याकाळी खानावळीला कुलूप होतं. लेकीचा नाच प्रल्हादरावांनी कधी बघितलाच नव्हता. कार्यक्रमाची वेळ तीच गिऱ्हाइकाची वेळ. ते मागच्या खांबाला टेकून उभे राहिले.

शंकर भिक्षेला आला. अन्नपूर्णा पुढं झाली. हातात पळी नाही, भांडं नाही. सगळं अभिनयानं दाखवायचं. तिनं उजव्या हाताला डाव्या हाताचा आधार दिला, जराशी वाकली, वाढलं. आणि लगेच मागं सरली नाही. समोरच्याच्या तोंडाकडे बघत क्षणभर थांबली — आणखी हवं का, म्हणून. मागं खांबापाशी उभ्या असलेल्या माणसानं ते बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं, ही वाढण्याची रीत ताईंनी शिकवलेली नाही. ही आपली आहे. लहानपणी जिन्यावर बसून पोर आपल्याला बघत होती.

ते खांबाआड तोंड करून उभे राहिले बराच वेळ.

कार्यक्रम संपल्यावर लोक भेटायला आले. ओळखीतल्या एक काकू हेमूच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "छान केलंस ग. पण भरलीस हं जरा."

ताईंनी पाऊल पुढं टाकलं. हेमू काकूंना वाकून नमस्कार करून म्हणाली, "हो काकू. आता पाय दुखत नाही."

त्या काकूंचं नाव मला ठाऊक आहे, सांगणार नाही. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. नलिनीताईंच्याही नव्हतं, बापाच्याही नव्हतं. आपल्याही नसतं, मंडळी. म्हणूनच सांगावं लागतं.

आता आरती, मग मागच्या मांडवात प्रसाद. लापशी आहे, वर घरचं तूप आहे. पानावर बसाल तेव्हा शेजारी कुणाची लेक असेल, कुणाची सून असेल. तिच्या अंगाविषयी एक शब्द नको. बारीक झालीस नको, जाड झालीस नको. तिला दुसरं काहीतरी विचारा, हसवा. आणि त्या बघा, कमरेला पदर खोचून वाढायला उभ्या राहिलेल्या आपल्याच बायका. दरवेळी शेवटच्या पंगतीला, उरलंसुरलं जेवतात. आज वाढायला पुरुष उठू देत. गोपाळराव, पेटी बंद करा आणि आमटीचं भांडं घ्या.

त्या बायकांना हाताला धरून पहिल्या पंगतीत बसवा. त्या बसल्या, की मग म्हणू आपण हर हर महादेव.