ताट दाखव

महाडच्या दवाखान्यात साखर तपासायची रांग काही केल्या पुढे सरकेना. अनुपमाच्या पुढ्यात दोन म्हाताऱ्या गप्पांत रंगल्या होत्या आणि तिचे कान तिकडेच लागले होते.

“महरुन्निसा, तुझी साखर उतरली कशी गो? भाताबिगर तुला कालवण गिळवत नव्हतं.”

“शोएब कुवेतवरनं रोज जेवायच्या वक्ताला व्हिडिओ कॉल करतो, ठकूबाई. म्हणतो, अम्मी, ताट दाखव.”

“आन भात दिसला की ओरडतो?”

“ओरडला असता तर बरं. गपचूप स्वतःचं ताट बाजूला सारतो, जेवतच नाय. मग खाते मी नाचणीची भाकरी.”

“ज्या दिवशी फोन येत नाय, त्या दिवशी?”

“त्या दिवशीपण भाकरीच.”

“तवा कोण बघतंय तुला?”

“कोण नाय गो. पण तो तिथं जेवला पायजे ना.”