पायाला कळणारी फरशी

सांधे भरायच्या पावडरची पिशवी येईपर्यंत गवंडी टाइलच्या दुकानात बाकावर टेकला होता. शेजारी एक वयस्क नवराबायको जमिनीवर मांडलेले नमुने बघत होते. बायको नवऱ्याशी बोलू लागली तसे त्याचे कान आपसूक तिकडे लागले.

“चपला काढा आणि या खरखरीत फरशीवर उभे राहा बघू.”

“ही कळते बरं का पायाला. जिन्याच्या आधी हीच लावू.”

“आणि बाथरूमच्या दारात?”

“तिथे ही रेघांची. दोन्हींत गल्लत नको.”

“आता डोळे मिटा. या इकडे, माझा हात धरा. सांगा, कुठे आलात?”

“जिन्यापाशी.”

“बाथरूमच्या दारात उभे आहात.”

“मग रेघा आणखी खोल हव्यात.”

“डॉक्टर दोन वर्षं म्हणालेत. एवढी कसली घाई?”

“दिसतंय तोवर घर पाठ केलेलं बरं.”

“रंग कोणता सांगू?”

“तुला हवा तो सांग.”

“नाही. रंग तुम्हीच ठरवायचा, आणि आजच.”

“मग तुझ्या त्या जुन्या निळ्या स्वेटरचा घे.”

“तोच का?”

“तो पाठ आहे मला.”

गवंड्याची पिशवी केव्हाच येऊन पडली होती. त्याने हळूच एक पाय चपलेतून बाहेर काढला आणि डोळे मिटून रेघांवर ठेवला.