रेसिंग कारची लाकडी चाकं

अजमानच्या फ्लॅटमध्ये मी पोळा कशाला करतो म्हणता? ऐका.

दोन हजार नऊची मंदी. जवळच हमरियातलं आमचं गाड्यांचं वर्कशॉप खलास व्हायच्या बेतात होतं. तेवढ्यात एका अरबाने शंभर वर्षांपूर्वीची रेसिंग कार आणली. बनवणाऱ्याने तीनच गाड्या बनवून धंदा गुंडाळला होता. ड्रॉइंग नाही, लाकडी चाकं कुजलेली. आम्ही इंजिनियरांनी हात टेकले.

यवतमाळचे आमचे सुतार नामदेवभाऊ म्हणाले, "मैं बनाता है."

अरबाने विचारलं, "पहले रेसिंग का गाडी बनाया?"

"बाप का धंदाच था, अरबाब सेठ. बस आगे इंजिन नहीं, दो बैल रहता था."

चाकं पळाली. अरबाने आणखी सहा जुन्या गाड्या पाठवल्या आणि आमचे सगळ्यांचे व्हिसे वाचले.

आता सांगा, पोळ्याला पुरणपोळी नको करू?