विदूषकाचं मुंडकं

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला, त्या वर्षीची गोष्ट सांगतो. पेडण्यात आमच्या गावच्या जत्रेला आम्ही जुन्या काळच्या एका लहरी सम्राटावरचं विनोदी नाटक बसवलं होतं. सम्राट होता दत्ताराम, विदूषक वसंत आणि सेनापती मी.

नाटक मराठीत, पण वसंत मध्येच कोकणीत सुटायचा आणि लोक हसून लोळायचे. दत्तारामने घोकघोक घोकलेली भाषणं मात्र ते चणे खात ऐकत होते. पहिल्या रांगेत त्याची बायको सुमन बसली होती. वसंतच्या एका वाक्यावर ती पदर तोंडाला लावून इतकी हसली, की दत्तारामचा चेहरा रंगाखालीही काळवंडलेला मला दिसला.

तो सिंहासनावरून उठला आणि नाटकात नसलेलंच बोलला, "सेनापती, या विदूषकाचं मुंडकं उडवा."

पुढचे दोन्ही अंक वसंतवर उभे होते. मी म्हटलं, "महाराज, उद्या उडवलं तर?"

"आत्ता."

वसंतने शांतपणे मान पुढे केली. "मार रे. म्हाराजांचें भाशण तरी परत आयकूंक पडचें ना."

हसण्याने मांडव दणाणला. दत्तारामने बायकोकडे पाहिलं. सुमन डोळे पुसत म्हणाली, "अवो, तेका मारल्यात तर मी आत्ताच घराक जातंय."

सम्राटांनी माफी दिली.

नाटक संपल्यावर रंग पुसताना दत्तारामने मला विचारलं, "सुमन शेवटपर्यंत बघत होती ना रे?"

"बघत होती," मी म्हटलं. कोणाकडे, ते त्याने विचारलं नाही.