पट्टी निघायच्या आधी

रामदासपेठेतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी मायलेकी बोलत होत्या. डोळ्याला पट्टी बांधलेले वडील त्यांच्याजवळच बसले होते.

“नूपुर, उद्या बाबाची पट्टी निघते. हे सोनेरी केस आजच तपकिरी कर वं.”

“घरीच रंगवतो, आई.”

“घरी नको. सोनेरीवर तपकिरी लावला तर हिरवट दिसते म्हणे. पार्लरमध्ये जा.”

“तिथं पूर्ण दिवस जाईन. बाबाजवळ कोण बसन?”

“मी बसतो. त्याईले धक्का नको.”

“कायचा धक्का?” वडील म्हणाले. “वर्षभर मले दिसत नव्हतं. पोरीचे केस सोनेरी झाले, हे लोकायच्या तोंडून आयकून राहिलो. एकदा मले पाहू द्या.”

“अन् नाही आवडले तर, बाबा?”

“तर मीच रंगवून देईन. आता दिसन न मले.”